बी.एस्सी. पहिलं वर्ष, मुक्काम सौंसर

१९४३ साली बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांचा एक दीर्घ शोधनिबंध राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये अडकलेल्या गारगोटीतल्या वनस्पती हा त्याचा विषय, आणि गारगोटी कुठली हे शीर्षकातच लिहिलेलं : सौंसरच्या आसपासची. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधल्या निवांत काळात तळी साचली, त्यांत झाडोरा पडला, सिलिकाच्या पाण्याने तो पेशीन् पेशी मुरवून ठेवला आणि वरून पुढचा लाव्हा आला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. या थरांतल्या अझोला नावाच्या चिमुकल्या पाणनेच्याचं बारसंही साहनी-राव या जोडीनेच केलं. त्याचे आजचे भाऊबंद शेतकरी प्लास्टिकच्या हौदात जनावरांच्या खाद्यासाठी वाढवतात.

जगातल्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञांना सौंसर हे नाव अशा निबंधांमुळे ठाऊक आहे. मध्य प्रदेशातल्या या सौंसरहून बी.एस्सी.ला नाव घालणाऱ्या मुलीला मात्र ते तसं ठाऊक असण्याचं काही कारण नाही. तिचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम राज्यपातळीवर ठरतो, आणि चंबळपासून कन्हानपर्यंत सगळ्यांना चालेल असा अभ्यासक्रम कुठल्याच एका गावाचा नसतो. जीवशास्त्राची ओळख करून देणारं हे पहिलं वर्ष नेमकं कशासाठी आहे, ते आजच्या रूपात कसं आलं आणि पांढुर्णा-सौंसरसारख्या ठिकाणी त्यातून काय हाती लागतं, याचा हा आढावा.

या अभ्यासक्रमाचा खापरपणजोबा लंडनचा. टॉमस हेन्री हक्सलीने १८७१पासून साउथ केन्सिंग्टनला शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घेतले आणि १८७५ साली एच. एन. मार्टिनबरोबर प्राथमिक जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचं पुस्तक काढलं. कल्पना साधी होती. सगळी सृष्टी शिकवता येत नाही, तर यीस्टपासून बेडकापर्यंत निवडक नमुने घ्यावेत आणि एकेक नीट कापून, चिरून, चित्र काढून शिकावा. ही ‘नमुना’ पद्धत इंग्रजी अमलाबरोबर भारतात आली आणि पुढची शंभर वर्षं ठाण मांडून बसली.

तिच्यातला दोष लखनौच्या के. एन. बहल यांनी फार लवकर ओळखला. विलायती पुस्तकांतलं गांडूळ लुम्ब्रिकस जातीचं; इथल्या मातीत निघायचं ते फेरेटिमा. मुलं पुस्तकात एक वाचत आणि ट्रेमध्ये दुसरंच पाहत. बहलनी इथलंच गांडूळ मन लावून तपासलं, तेव्हा १९१९ साली त्यांना एक नवंच काही सापडलं. लुम्ब्रिकसच्या उत्सर्जक नलिका अंगाबाहेर उघडतात, तर फेरेटिमाच्या बऱ्याचशा नलिका आतड्यात उघडतात आणि पाणी शरीरातच राखायला मदत होते. उष्ण देशातल्या प्राण्याची ही सोय विलायती पुस्तकात कुठून असणार? १९२६ साली फेरेटिमावरच्या पुस्तिकेने त्यांनी ‘इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स’ ही मालिका सुरू केली. पायला या गोगलगाईवरची पुस्तिका बैनी प्रसाद यांनी लिहिली. देशी प्राणी देशी वर्गात आला तो असा.

आणि मग त्याचंही व्हायचं तेच झालं. फेरेटिमाचा गादीसारखा पट्टा कुठल्या खंडांवर? १४, १५, १६. पिढ्यान्‌पिढ्यांनी हे पाठ केलं, त्यातल्या कितीकांनी वावरात कुदळ मारून गांडूळ मोजलं असेल कोण जाणे. पाठांतराला देशी-विलायती असा भेद नसतो.

दुसरा मोठा बदल आला तो विच्छेदनाच्या बंदीने. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली थांबवली. महाविद्यालयांतलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करा, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११मध्ये सांगितलं आणि २०१४मध्ये ते पूर्णच बंद करायला लावलं. निर्णय योग्यच होता. दरवर्षी तोच बेडूक, तेच झुरळ हजारो ट्रेंमध्ये टाचून फारसं नवं कुणी शिकत नव्हतं. पण कात्री काढून घेतल्यावर हातात द्यायचं काय, हा विचार अर्धवट राहिला. बहुतेक ठिकाणी तक्ता आला, काही ठिकाणी संगणकावरचा बेडूक. बाहेर जाऊन जिवंत प्राणी पाहायला तर कुणी बंदी केली नव्हती.

आता इथल्या भूगोलाकडे यायला हवं, कारण सौंसरच्या बाबतीत तो जरा विचित्र आहे. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत सौंसरचा छिंदवाडा जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर. विज्ञान शिकायचं तर १९०६ साली उघडलेलं नागपूरचं सायन्स कॉलेज आणि १९२३चं नागपूर विद्यापीठ. राज्य पुनर्रचनेनंतर वाट बदलली. पदवीचा शिक्का आधी सागरचा, मग जबलपूरचा झाला, २०१९पासून छिंदवाड्याच्या नव्या विद्यापीठाचा, ज्याला पुढे राजा शंकर शाह यांचं नाव मिळालं. २०२३मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. पण ज्या संशोधनाचा इथल्या माणसाच्या रोजच्या जगण्याशी संबंध आहे, ते जागचं हललं नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपूरला, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था नागपूरला. परीक्षा उत्तरेला आणि प्रयोगशाळा दक्षिणेला, अशी ही ओढाताण आहे. घरी मराठी, वर्गात हिंदी आणि सूक्ष्मदर्शकाच्या पट्टीवर लॅटिन. त्याची मात्र इथल्या मुलांना सवय असते, त्याचं फार भांडवल करायला नको.

मध्य प्रदेशाने नवं शैक्षणिक धोरण २०२१-२२च्या सत्रातच लागू केलं, इतर बऱ्याच राज्यांच्या आधी. मुख्य विषय, गौण विषय, सेंद्रिय शेतीसारखे व्यावसायिक विषय, प्रकल्प किंवा इंटर्नशिप असा नवा साचा आला. कागदावर तो जुन्यापेक्षा सैल आहे आणि शिवार आत आणायला त्यात फटी आहेत. त्या वापरायच्या कुणी? छोट्या गावातल्या महाविद्यालयांचा गाडा बराचसा अतिथी विद्वानांच्या खांद्यावर चालतो. पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही याची ज्याला खात्री नाही, त्याने तीन वर्षांचा फुलोऱ्याचा तक्ता ठेवावा ही अपेक्षा अन्यायाची आहे.

विद्यार्थ्यांचीही एक अडचण. पहिल्या वर्षाला बसलेल्यांपैकी अनेकांचं मन ‘नीट’च्या पुढच्या प्रयत्नात अडकलेलं असतं. त्या परीक्षेत ७२०पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, सगळे बहुपर्यायी प्रश्नांचे. त्यामुळे जीवशास्त्र म्हणजे चारपैकी एक बरोबर, हे समीकरण महाविद्यालयात शिरण्यापूर्वीच पक्कं झालेलं असतं. त्यात २०२३पासून एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. अकरावी-बारावीत जीवशास्त्र घेतलं तरच डार्विनची गाठ पडणार.

मग शिकवायचं काय? अमेरिकेतल्या विज्ञानप्रसारक संघटनेने २०११ साली पदवीच्या जीवशास्त्राबद्दल एक अहवाल काढला. त्यात विषयांची लांबलचक यादी बाजूला ठेवून गाभ्याच्या पाच कल्पना सांगितल्या होत्या : उत्क्रांती, रचना आणि कार्य, माहितीचा प्रवाह, ऊर्जा आणि द्रव्याची देवघेव, आणि व्यवस्था म्हणून जीव. या पाचांसाठी सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलाला गाव सोडून जायची गरज नाही. उलट इथे उदाहरणं इतकी दाट आहेत की निवडताना पंचाईत व्हावी.

संत्र्यापासूनच पाहू. संत्र्याची एक बी घ्यावी, रात्रभर भिजवावी. बाहेरची चिवट साल नखाने काढावी, आतली पातळ तपकिरी साल सोलावी. आत एक गर्भ असेल असं वाटतं, पण हिरवट रंगाचे तीन-चार, कधी जास्तही, लहानमोठे गर्भ एकमेकांत कोंबलेले निघतात. त्यांतला साधारणपणे एकच परागकण आणि अंडपेशी यांच्या मीलनातून झालेला. बाकीचे आईच्याच ऊतीतून फुटलेले, म्हणजे आईच्या हुबेहूब नकला. संत्र्याच्या बीत दोन गर्भ असल्याची नोंद लेव्हेनहुकने १७१९ साली केली होती. पंचानन माहेश्वरींच्या १९५०च्या भ्रूणशास्त्राच्या जगप्रसिद्ध ग्रंथात हा प्रकार तपशिलाने आला. समसूत्री आणि अर्धसूत्री विभाजन हे पहिल्या वर्षाचं सगळ्यांत कंटाळवाणं प्रकरण. फळ्यावर गुणसूत्रांच्या काड्या काढून ते शिकवण्यापेक्षा ही एक बी पुरे. अर्धसूत्री विभाजनातून गेलेलं लेकरू आणि त्याला बगल देऊन आलेली भावंडं, सगळी एकाच घरात.

याच गुणावर रोपवाटिकांचा धंदा उभा आहे. वरुड-शेंदुरजना घाटच्या पट्ट्यात जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. जंबेरीची रोपं एकसारखी निघतात ती या नकलांमुळे, आणि वेगळी दिसणारी रोपं माळी उपटून टाकतो ती बहुधा खऱ्या मीलनातली. शाळेत न गेलेला माळी रोज आनुवंशिकीचं प्रात्यक्षिक करतो, आणि त्याचा मुलगा त्याच विषयात बॅक येतो, असं घडू शकतं.

बहाराचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत बगिच्याचं पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, मग पाणी दिलं की अंबिया बहार फुटतो. एप्रिल-मेच्या ताणावर पावसाच्या सरी पडल्या की मृग बहार. ताण म्हणजे नेमकं काय होतं? शेंड्यांची वाढ थांबते, पानांत कर्बोदकं साठतात, संप्रेरकांचा तोल बदलतो आणि कळ्या धरायची तयारी होते. वनस्पती-शरीरक्रियाशास्त्राचा अख्खा घटक एका बगिच्यात बसतो. फांद्यांना खुणा करून रोज फुलं मोजणं एवढंच काम. डिंक्या म्हणजे फायटोफ्थोराची करणी, कोळशी म्हणजे काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढलेली काळी बुरशी. हेही तिथेच दिसतं.

कापसाकडे वळलं की उत्क्रांती हा इतिहासाचा विषय राहत नाही. बीटी कापसाला भारतात २००२ साली मंजुरी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६मध्ये आलं. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटीचं १२० ग्रॅमचं छोटं पाकीट असायचं. ते कडेने लावायचं, म्हणजे विषाला न सरावलेल्या अळ्या तिथे जगतील, सरावलेल्यांशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकाराचा वेग मंदावेल. डार्विन आणि मेंडेल या दोघांवर आधारलेली ही युक्ती होती. किती शेतकऱ्यांनी ते पाकीट बांधावर फेकलं, हे कापूसपट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना दोष देण्याआधी त्यांना कुणी कारण समजावून सांगितलं होतं का, हेही विचारायला हवं. पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे २०१०च्या सुमारास गुजरातेतून जाहीर झालं. २०१७च्या हंगामात दुहेरी जनुकांच्या पऱ्हाटीवरही विदर्भाने तिचा तडाखा सोसला.

ही अळी वर्गात आणणं सोपं आहे. पऱ्हाटी पात्या-फुलांवर आली की डोमकळी शोधायची : पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेलं फूल. उघडलं की आत अळी. पुढे हिरवी बोंडं फोडून आतल्या अळ्या मोजायच्या. कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री रोज ८ पतंग सापडले की फवारणीची वेळ आली, हा कापूस संशोधन संस्थेचा निकष आहे. तो लोकसंख्या-परिस्थितिकीच्या कुठल्याही आलेखाइतका शास्त्रीय आहे. फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी उभी राहू दिली, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत आयतं अन्न मिळतं; ‘जीवनचक्र’ या मथळ्याखाली लिहिण्यासारखं याहून चांगलं उत्तर नाही.

तिसरं उदाहरण जरा जपून हाताळण्याचं आहे. सिकलसेलचा गुणधर्म मध्य भारतात आढळतो, हे नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. पण त्यातून डीएनए, प्रथिन, रक्तपेशीचा आकार, मलेरिया आणि नैसर्गिक निवड ही सगळी साखळी उलगडते. १ जुलै २०२३ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशातूनच, शहडोलहून, सुरू झालं आणि तपासणीची कार्डं घरोघर येऊ लागली. वाहक-वाहक लग्नात प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे गणित इथल्या मुलांना सोडवता यायलाच हवं. मात्र वर्गात कुणाचं कार्ड कुणी मागू नये, आजार जातीला चिकटवू नये. शिक्षकाची खरी परीक्षा इथे आहे.

खडकांचंही थोडं. मँगनीजधारी प्राचीन खडकांच्या एका सबंध गटाला भूवैज्ञानिक ‘सौंसर गट’ म्हणतात. पानात पाण्याचं विघटन होऊन प्राणवायू सुटतो, त्या जागी मँगनीजचे ४ अणू आणि कॅल्शियमचा १ असतो. प्रकाशसंश्लेषण शिकवताना हा योगायोग वाया घालवू नये.

पण सगळ्यांत मोठा ठेवा तो गारगोटीतला. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलांचे जीवाश्म जगप्रसिद्ध आहेत. सौंसरजवळचं मोहगाव हवेली ते वेगळं, हे इथल्यांना सांगायला नको, बाहेरच्यांची गल्लत होते. के. पी. रोडे यांनी १९३०च्या दशकात मोहगाव कलांहून फळांचे जीवाश्म काढले. त्यांत निपा या खाडीकाठच्या ताडवर्गीय झाडाचं फळ होतं, म्हणजे आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर असलेल्या या भागात तेव्हा खाऱ्या पाण्याची चाहूल असावी. साहनींनी १९४३मध्ये एनिग्मोकार्पॉन हे फळ वर्णिलं. पुढच्याच वर्षी नागपूरच्या व्ही. बी. शुक्ला यांनी एक फूल वर्णिलं आणि त्याला साहनींचं नाव दिलं. हे फूल आणि ते फळ एकाच झाडाचं, हे पुढे उमगलं.

या कामात एक मराठी नाव ठळक आहे, ते श्यामला चितळे यांचं. नागपूरच्या सायन्स कॉलेजात त्यांनी शिकवलं, इंग्लंडमध्ये रीडिंगला टॉम हॅरिस यांच्याकडे पीएच.डी. केली, मोहगावच्या गारगोटीतली फुलंफळं एकामागून एक उलगडली आणि एका फळाला गुरूचं नाव दिलं : हॅरिसोकार्पॉन. पुढे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात त्यांनी पुरावनस्पतिशास्त्राचा विभाग उभा केला. २०१३मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी दख्खनच्या गारगोट्यांतून द्राक्षकुळातली तोवरची सर्वांत जुनी फळं जाहीर झाली, आणि त्यांचं नाव ठेवलं गेलं इंडोव्हायटिस चितळेई. त्या निबंधाच्या लेखकांत अमेरिकी शास्त्रज्ञांच्या बरोबरीने भंडाऱ्याच्या महाविद्यालयातले दशरथ कापगते होते. २०१९मध्ये क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनने तपासलेल्या ताडवर्गीय फळाच्या निबंधातही ते आहेत. जिल्ह्याच्या गावातला प्राध्यापक जागतिक संशोधनात असू शकतो. त्यासाठी आधी आपल्या पायाखालचा दगड ओळखता यावा लागतो.

हे सगळं बोलायला ठीक, करून दाखवलंय का कुणी? सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाला, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं मित्र मंडळ केंद्र यांनी तो रोवला, १९८२पासून एकलव्य संस्थेने चालवला. ‘बाल वैज्ञानिक’ हे त्याचं पुस्तक, क्षेत्रभेटी आणि प्रयोग ही त्याची पद्धत, आणि परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा. तीस वर्षं चालल्यावर २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. महाविद्यालयांच्या बाबतीत पुरावा आणखी थेट आहे. विज्ञान-गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१४मध्ये अमेरिकेत मांडला गेला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापास होण्याची शक्यता, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांच्या दीडपट निघाली.

आक्षेप एकच गंभीर आहे. अभ्यासक्रम स्थानिक केला तर इथली मुलं पुढच्या प्रवेश परीक्षांत मागे पडतील. त्यात तथ्य तेव्हाच, जेव्हा संत्रा हा गुणसूत्रांच्या *ऐवजी* शिकवला जाईल. संत्र्यातून गुणसूत्रं शिकवली तर तोटा कुणाचा? राज्याच्या अध्ययन मंडळाने प्रत्येक घटकाशेजारी स्थानिक उदाहरणासाठी एक कोरी ओळ ठेवावी आणि प्रात्यक्षिकाचे काही गुण त्या ओळीला द्यावेत. गुण नसतील तर कोणी वावरात जाणार नाही, विद्यार्थीही नाही आणि शिक्षकही नाही.

सत्राचं वेळापत्रक तर शिवारानेच जुळवून दिलंय. प्रवेश पावसाळ्यात होतात तेव्हा गांडुळं वर आलेली असतात. पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या जत्रेच्या सुमाराला जाम नदीच्या काठी शेवाळ भरपूर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोंडं, फेब्रुवारीत संत्र्याचं फूल. गारगोटीचे तुकडे दिसले तर फोटो आणि जागा नोंदवावी, ते फोडू नयेत. नागपूरच्या कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या दोन्ही संस्था दोन-अडीच तासांत गाठता येतात आणि भेटीसाठी प्राचार्यांचं एक पत्र लागतं. अंबिया बहाराचा ताण डिसेंबरात सुरू होतो. पत्र दिवाळीच्या आत गेलेलं बरं.